नडगीवरचं लेकरू

१

शनिवारी शाळा सकाळची. साडेअकराला पोरं घरी गेली की सरजाबाई फाटकाला आतून कडी घालायची, चुलीवर पातेलंभर पाणी कोमट करायची आणि मायला पुसायला घ्यायची.

येलदरीच्या रस्त्यावरची ही शाळा. धरणाचं काम चालू होतं तेव्हा केरळकडचे फिटर-मिस्त्री आले, त्यांच्यामागं सिस्टरा आल्या, सिस्टरांमागं ही मूर्ती. धरण झालं, मिस्त्री आपापल्या मुलखाला गेले, सिस्टरा आणि मूर्ती इथंच राहिल्या. सिस्टरा 'मरिया माता' म्हणायच्या. गावातल्या बाया नुसतं 'माय' म्हणायच्या. व्हरांड्याच्या टोकाला कमरेएवढ्या कट्ट्यावर ती उभी. प्लास्टरची, निळा पदर, कडेवर लेकरू. लेकरू वेगळं होतं. मायच्या हातात लोखंडी खुंटी, तिच्यावर ते बसवलेलं. नाताळात काढून गव्हाणीत निजवता यावं म्हणून.

सरजाबाई शाळेची आया. शाळा सुटल्यावर गावातल्या बाळंतिणींची लेकरं न्हाऊ घालायची. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, लेकरू नडग्यांवर घ्यायचं आणि वरून पाणी ओतायचं. गावातली अर्धी पोरं तिच्याच नडग्यांवर न्हाऊन मोठी झालेली. म्हणून मायचं लेकरूही ती तसंच घ्यायची. पाणी ओतायची नाही, रंग जाईल म्हणून ओल्या फडक्यानं पुसायची, पण घ्यायची नडग्यांवरच.

मोठी सिस्टर, फिलोमिना तिचं नाव, हसायची. "सरजाबाई, तो देव आहे, त्याला तुमी तेल पण लावणार काय?"

"देव असला म्हनून काय झालं? लेकरूच हाय की."

ते रिकाम्या मडक्याइतकं हलकं असायचं. पुसलं, फुंकर मारली, लावलं खुंटीला. एवढंच काम.

२

अठ्ठ्याहत्तर साली आखाड सरता सरता विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. औरंगाबाद कुठं आणि हे गाव कुठं. पण गावातल्या गड्यांना आग लावायला औरंगाबाद जवळ वाटलं. भर दुपारी बौद्धवाड्यातून धूर निघाला.

मोठी सिस्टर परभणीला गेलेली. दोन कोवळ्या सिस्टरा आत प्रार्थना म्हणत रडत होत्या. बाया लेकरं घेऊन शाळेकडं पळत आल्या आणि सरजाबाईनं फाटक उघडलं. कुणाला विचारलं नाही, कुणाची वाट बघितली नाही. अकरा बाया आत घेतल्या, मोठ्या वर्गात कोंडल्या, बाकं आडवी लावली. हे माप तिच्या पदरात टाकलंच पाहिजे.

मग ती कडी घालायला परत फाटकाशी आली. फाटक पत्र्याचं, मधोमध बोटभर फट. फटीतून तिला लिंबाच्या वळणावर जमाव दिसला. पुढं गावावर हुकूम चालवणाऱ्या आबासाहेबाची माणसं होती आणि त्यांच्यात तिचा सख्खा दीर, बन्सीधर. सरजाबाई रांडमुंड बाई. एक पोरगं पदरात. दोन एकराचा तुकडा आणि घरातली खोली, दोन्ही त्याच दिराच्या मर्जीवर.

तेवढ्यात फाटक वाजलं.

"उघडा! कुनी हाय का? उघडा वो!"

बौद्धवाड्यातल्या मनकर्णेचा आवाज. तिचं घर वाड्याच्या पार टोकाला, म्हणून ती मागं राहिलेली. तिनं दोन्ही हातांनी पत्रा बडवला. दोन्ही हात मोकळे करायचे म्हणून कडेवरचं पोरगं खाली ठेवलं. फाटकाखाली हात जाईल एवढीच जागा होती. तिथून चिमुकली बोटं आत आली. चार बोटं, मनगटात काळे मणी. ओल्या मातीत ती बोटं काहीतरी शोधत असल्यासारखी हलली.

"मला नगं, लेकराला तरी घ्या!"

सरजाबाईचा हात कडीवर होता. उघडायचं, ओढून घ्यायचं, लावायचं. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. पण फाटक उघडं दिसलं असतं, फाटकातली बाई दिसली असती, आणि बन्सीधरनं ती बाई ओळखली असती. जमावानं तिला मारलं नसतं. आपल्या माणसांनी आपल्याला बघू नये, एवढ्यासाठीच ती श्वास धरून उभी राहिली.

बोटं मागं ओढली गेली. पावलं ज्वारीच्या रानाकडं पळाली.

३

दोन दिवसांनी आबासाहेब पाच-सहा माणसं घेऊन शाळेत आला. बन्सीधर मागं उभा.

"फाटक कुनी उघडलं?"

"मला काय ठावं मालक," सरजाबाई म्हणाली. "मी परसात व्हते. कडी घातलेली व्हती. येऊन बघते तर बाया आत."

"मग काय वाऱ्यानं उघडलं?"

तिची नजर भिरभिरली आणि व्हरांड्याच्या टोकाशी जाऊन थांबली. "मायनं उघडलं आसंल," ती म्हणाली.

तोंडातून गेलं आणि तिला वाटलं, आता थोबाडीत बसते. पण आबासाहेबाचा चेहरा उतरला. दंग्याच्या रात्रीच त्याचा नातू तापानं फणफणला होता. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या आणि मूर्तीपुढं हात जोडले. मागच्यांनीही जोडले. बन्सीधरनंही.

तिथून हे सुरू झालं. त्याच आठवड्यात आबासाहेबाची सून नारळ घेऊन आली. मग दुसरी आली, मग पाथरीकडून जीप भरून बाया यायला लागल्या. ज्या घरातल्या गड्यांनी रॉकेल नेलं त्याच घरातल्या बाया मायची ओटी भरायला पुढं. खण, तांदूळ, हळदीकुंकू. सिस्टर फिलोमिना आधी नको नको म्हणाली, मग तिनं कट्ट्यापुढं एक परात ठेवून दिली.

"माय, औंदा पोरगं दहावीत पास कर, तुला हिरवं पातळ नेसवते."

"आन् नापास झालं तर? पातळ परत नेतीस का गं?"

बाया हसायच्या. सरजाबाई नारळ फोडून द्यायची. फाटक कसं आपोआप उघडलं ते तिलाच सांगायला लावायच्या. पहिल्यांदा तिची जीभ अडखळली. दहाव्यांदा नाही अडखळली.

४

मनकर्णा दोन रात्री भिजत्या ज्वारीत दडून बसली होती. पोराला ताप भरला. तिसऱ्या दिवशी जिंतूरच्या वाटेवर, बैलगाडीतच, ते गेलं. मिलिंद नाव. बापानं औरंगाबादच्या कॉलेजावरून ठेवलेलं. चवदा महिन्यांचं होतं.

ही बातमी सरजाबाईला शुक्रवारी कळली. शनिवारी तिनं पाणी कोमट केलं, लेकरू खुंटीवरून काढलं, आणि तिचे हात खाली गेले.

पडता पडता तिनं ते छातीशी धरलं. ओलं झालं असेल, तिनं मनाशी म्हटलं. पाऊस लागलाय, प्लास्टर पाणी पितं. पाटावर बसून तिनं ते नडग्यांवर घेतलं. आणि ती तशीच बसून राहिली.

दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पण सरजाबाईच्या नडग्यांना महिना कळायचा. हे सहा महिन्यांचं, हे नऊ महिन्यांचं, ह्याचं पोट फुगलंय, हे अंगावर पीत नाही. पाय सांगायचे, ती आईला सांगायची, आणि कधी चुकायची नाही.

पायांनी सांगितलं, हे वर्षाच्या वरचं हाय. चालायला लागलेलं.

तिनं ते घाईनं पुसलं. लेकराचं तोंड तसंच, रंगवलेलं, ओठांत हसू. तळवे गार. प्लास्टर गारच असतं.

५

सरजाबाई भाबडी नव्हती. चौथीपर्यंत शिकलेली होती, भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या बायांना ती तोंडावर झापायची. तिनं लेकरू दोन दिवस उन्हात वाळवलं. वजन तेवढंच. मग फडक्यात गुंडाळून ती दत्तरावच्या दुकानात गेली.

"काय सरजाबाई, देवाचं पोरगं विकायला काढलं का काय?"

"वजन करा मुकाट्यानं."

दत्तरावनं ते तराजूत ठेवलं. एका हातानं उचललं आणि ठेवलं, हे तिनं बघितलं. "सव्वा किलो. त्याच्याहून दोन नारळं जड आसत्यात बघा."

"नीट बघा."

"बाई, माझा काटा खोटा न्हाई."

काटा खोटा नव्हता. शाळेत परत नेताना मात्र ती दोनदा खाली बसली.

सिस्टरला तिनं एकदाच विचारलं. सिस्टरनं लेकरू खुंटीवरून काढलं, पेन धरावा तसं धरलं, पदराला पुसलं आणि लावलं. "तुमचं वय झाला सरजाबाई. हे काम मी दुसरी बाईला सांगते."

"नगं," सरजाबाई म्हणाली. इतक्या जोरात म्हणाली की सिस्टर बघतच राहिली.

दुसरी बाई लागली की आपण सुटलो, हे तिला कळत होतं. पण दुसऱ्या बाईच्या पायांवर ते हलकं लागलं असतं, आणि मग हे वजन आपलंच आहे हे पक्कं झालं असतं. तिला ते पक्कं करून घ्यायचं नव्हतं.

६

वर्षं गेली. लेकरू वाढलं.

डोळ्यांना नाही. डोळ्यांना ते हातभरच, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, तिनं कैकदा मापून बघितलं. पण पायांना ते दोन वर्षांचं झालं, मग पाच वर्षांचं. नडग्यांवर निळे वळ उठायला लागले. पुढं घरात सून आली, नर्मदा. ती विचारायची, "आत्याबाई, कशाला आपटलात?" ती म्हणायची, बाकाला.

एकदा उन्हाची तिरीप आली म्हणून पुसता पुसता तिनं डोळे मिटले. हात सवयीनं चालू राहिला. डोकं, पाठ, कंबर. कंबरेखाली मांडी. मांडी संपेना. फडकं खाली जातच राहिलं, गुडघ्याची वाटी लागली, त्याखाली पोटरी, आणि तिचा हात तिच्या स्वतःच्या पायाच्या अंगठ्यापलीकडं गेला तरी पाऊल आलं नाही.

तिनं डोळे उघडले. हातभर लेकरू. ओठांत हसू.

त्यानंतर ती ऊन असो, घाम असो, डोळे मिटायची नाही. पापणी लवली तरी घाबरायची.

मनकर्णा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायची. ओटी आणायची नाही, हात जोडायची नाही. वाड्यातली माणसं तिला बोलायची, बाबासाहेबांनी मूर्त्या सोडायला सांगितल्या आन् तू शाळंतल्या मूर्तीम्होरं जातीस. ती म्हणायची, मी पाया पडाया जात न्हाई, भांडाया जाते. कट्ट्यापुढं उभी राहून ती मायच्या तोंडाकडं बघायची आणि एकच विचारायची, मोठ्यानं नाही, शेजारणीला विचारावं तसं.

"अकराजनींना घेतलंस. माझ्याच लेकरात काय खोट व्हती गं?"

सरजाबाई खांबाआड झाडू धरून उभी राहायची. झाडू फिरवायची नाही, आवाज होईल म्हणून. या बाईचा नवरा दुसरी करून गेला होता. हिच्यात काहीतरी पाप आहे म्हणून देवीनं हिला दार उघडलं नाही, असं दोन्हीकडची माणसं बोलत होती. आणि हळूहळू मनकर्णा स्वतःही तेच मानायला लागली होती. एक वाक्य बोललं की तिच्यावरचं ते सगळं उतरणार होतं. सरजाबाईनं दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाली, "पानी पितीस का?" एकदा म्हणाली, "ऊन लय हाय गं." बन्सीधर मेला, खोली तिच्या नावावर झाली, तरीही. भीती संपल्यावर लाज उरली, आणि लाज भीतीहून चिवट निघाली.

७

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव वाढवलं. वाड्यात रात्रभर हलगी वाजली. सकाळी संक्रांतीचा दुसरा दिवस, कर. करीला बाया घराबाहेर कुठल्या कामाला निघत नाहीत, ओटी भरायला तर नाहीच. त्यात शनिवार. शाळा सुटली आणि आवार ओस पडलं.

सरजाबाई लेकरू नडग्यांवर घेऊन बसली होती. आता ते घेणं म्हणजे दोन्ही हातांनी ओढत आणणं झालं होतं. गुडघे सुजलेले. इतक्यात मनकर्णा आली. पहिला शनिवार नव्हता. अंगावर नवं पांढरं पातळ.

"भाऊ मला औरंगाबादला न्यायलाय," ती मूर्तीला म्हणाली. "उद्या सकाळच्या यष्टीनं. आज शेवटचं इचारते."

आणि तिनं तेच विचारलं. सोळा वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला.

"मनकर्णे," सरजाबाई म्हणाली. "तिला नगं इचारू. तिला काय ठावं?"

मनकर्णेनं वळून बघितलं.

"त्या दिवशी फाटक मायनं न्हाई उघडलं. मी उघडलं."

"मग लय चांगलं केलं की तुमी."

"आन् लावलं बी मीच. तू वाजवायलीस तवा कडीवर माझाच हात व्हता."

व्हरांड्याच्या पत्र्यावर एक पारवा चालत होता. त्याची नखं ऐकू येत होती.

"बोटं दिसली व्हती तुमाला?" मनकर्णेनं विचारलं.

"दिसली."

"मनी कसले व्हते?"

"काळे."

मनकर्णेनं मान हलवली. साक्ष जुळते का ते बघावं तशी. मग खांबाला धरून ती हळू खाली बसली. "म्हंजी माझ्यात खोट न्हवती."

"न्हाई गं माय. तुझ्यात काय बी न्हवतं."

"सोळा वर्सं मी हिच्याशी भांडले."

"आता मला भांड. शिव्या दे. तोंडात मार."

"तुमाला काय भांडू?" मनकर्णा म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच सरजाबाईला सोसलं नाही. "तुमी मानूस हाव. मानसाचं मला समदं ठावं हाय. देवाचं कळत न्हवतं."

ती उठली, जवळ आली, वाकली. "आना इकडं त्याला."

"जड हाय गं," सरजाबाई म्हणाली. "लय जड हाय."

"मला सांगता?"

मनकर्णेनं दोन्ही हात घातले आणि एका हिसक्यात ते उचललं. उचलताना तिच्या तोंडून हुंकार निघाला. मग तिनं कंबर एका बाजूला काढली, त्याला कडेवर सारलं, बायका सारतात तसं, आणि ती फाटकाकडं चालायला लागली. भार ओढावा तशी पलीकडच्या अंगाला कलून. सरजाबाईला वाटलं हाक मारावी, पण कोणत्या तोंडानं?

दुपारचं लख्ख ऊन होतं. डोळे उघडे होते. पापणीही लवली नव्हती.

मनकर्णा फाटकातून वळली तेव्हा तिच्या कंबरेआडून दोन पाय लोंबत होते. लांब, काळेसावळे, मिसरूड फुटायच्या वयातल्या पोराचे असतात तसे. ते तिच्या पोटरीपर्यंत येत होते आणि चालताना एकमेकांवर आपटत होते. पौषाच्या कोरड्या फुफाट्यात त्या तळव्यांना ओला चिखल लागलेला होता.

८

दुसऱ्या दिवशी खुंटी मोकळी दिसली आणि गावात गलका झाला. सिस्टरनं मनकर्णेच्या संशयानं वाड्यात माणूस पाठवला, तोवर सकाळची यष्टी गेली होती. बाया म्हणाल्या, मायनं आपलं लेकरू कुणातरी वांझोटीला दिलं. दुपारपर्यंत परात खणांनी भरली.

सरजाबाई या वेळी गप्प बसली नाही. कट्ट्यापुढं उभी राहून ओरडली, "माय काय बी देत न्हाई न् घेत न्हाई! फाटक मी उघडलं. मी लावलं. मनकर्णेचं लेकरू मी मारलं!"

बाया क्षणभर थांबल्या. मग आबासाहेबाची सून, आता डोक्यानं पिकलेली, पुढं आली आणि तिनं सरजाबाईच्याच पाया पडून तिच्या कपाळाला कुंकू लावलं. "बगा, मायवरचा समदा बोल सवताच्या आंगावर घ्यायली बिचारी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकीनं तिच्या ओटीत तांदूळ टाकले. विधवेच्या ओटीत.

ती काम सोडून घरी बसली. वळ गेले, गुडघ्यांची सूज उतरली. उन्हाळ्यात नर्मदा बाळंत झाली. पोरगा झाला. बाराव्या दिवशी पाणी कोमट केलं, पाट मांडला, सरजाबाईनं पाय लांब सोडले आणि नर्मदानं नातू तिच्या नडग्यांवर ठेवला.

"कसा हाय आत्याबाई? भरलाय का आंगानं?"

सरजाबाई बघत राहिली. पोरगं पायांवर होतं, हातपाय झाडत होतं, डोळे किलकिले करत होतं. पाय काहीच सांगेनात. तिनं त्याला दंडांना धरून उचललं, परत ठेवलं. उचललं, ठेवलं. हवा ठेवावी तसं. तिनं त्याला छातीशी धरलं, आणखी आवळलं, कुठंतरी वजन लागेल म्हणून आणखी आवळलं, तसं ते टाहो फोडून रडायला लागलं.

"अवं हळू! मारताव का काय लेकराला?"

नर्मदानं झडप घालून त्याला काढून घेतलं. सरजाबाईचे हात तसेच राहिले, गोल, छातीपुढं.

"तूच घाल न्हाऊ," ती म्हणाली. "मला आता कळंना, कुनी हाय का न्हाई ते."